सवारीच्या वाटेने : उज्जैनच्या जुन्या नगरातून

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उज्जैनला जाणारा मराठी यात्रेकरू बहुधा घाईत असतो. पहाटेची भस्मारती, मग हरसिद्धी, काळभैरव, मंगळनाथ, सांदीपनींचा आश्रम आणि संध्याकाळची गाडी. वाटाड्या त्याला प्रत्येक ठिकाणी उतरवतो, एक आख्यायिका सांगतो आणि पुन्हा वाहनात बसवतो. या क्रमात देवळे पाहून होतात, नगर मात्र राहून जाते. देवळादेवळांच्या मध्ये जे असते त्यालाच नगर म्हणतात, आणि ते पायी चालल्याखेरीज दिसत नाही.

उज्जैनचे जुने नगर पायी दाखवणारा जाणता वाटाड्या शोधू गेल्यास एकच नाव पुढे येते, ते महाकाळाचे. श्रावणातील सोमवारी दुपारी चारच्या सुमारास महाकाळेश्वराची पालखी मंदिरातून निघते. नगराचा राजा प्रजेची विचारपूस करण्यास बाहेर पडतो, अशी श्रद्धा आहे. महाद्वारात पोलीस पथक त्याला मानवंदना देते. मग कोट मोहल्ला, गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी या वाटेने पालखी रामघाटावर जाते. तेथे क्षिप्रेच्या पाण्याने पूजन होते. परतताना रामानुज कोट, मोढांची धर्मशाळा, कार्तिक चौक, खाती समाजाचे मंदिर, सत्यनारायण मंदिर, ढाबा रोड, टंकी चौक, छत्री चौक, गोपाळ मंदिर, पटणी बाजार आणि पुन्हा गुदरी असा फेरा करून ती मंदिरात येते. जुन्या नगराचे मर्म या एका फेऱ्यात सामावले आहे. आजच्या विवेचनात पावले टाकायची आहेत ती याच वाटेने.

वाट धरण्यापूर्वी सवारीच्या तिथीकडे लक्ष दिले पाहिजे, कारण नगराची किल्ली तिथेच आहे. उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेला संपतो. महाराष्ट्रात तो अमावास्येला संपतो. म्हणून उत्तरेकडील श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. त्यानंतरचा कृष्ण पक्ष तेथे भाद्रपदाचा, तर महाराष्ट्रात श्रावणाचाच. त्याची अखेर पिठोरी अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी होते. आता महाकाळाची सवारी उत्तरेच्या श्रावणारंभापासून सुरू होते आणि उत्तरेचा श्रावण संपल्यावरही थांबत नाही. पिठोरीच्या आधीच्या किंवा त्याच दिवशी येणाऱ्या सोमवारी, म्हणजे मराठी श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी, तिची सर्वांत मोठी मिरवणूक निघते. ज्या नगरात घराघरांतून हिंदी आणि माळवी बोलली जाते, तेथे देव मात्र मराठी पंचांगाचा शेवट पाहिल्याखेरीज विसावत नाही.

नगरात यामागची हकीकत अशी सांगितली जाते. शिंदे सरकारच्या प्रथेप्रमाणे सवारी पूर्वी मराठी श्रावणापुरतीच निघत असे, म्हणजे दोन-तीनच सोमवार. पुढे एकोणिसशे साठच्या दशकात ज्योतिषाचार्य पंडित सूर्यनारायण व्यास यांच्या घरी जाणकारांची बैठक बसली असताना उज्जैनचे तेव्हाचे जिल्हाधिकारी महेश नीलकंठ बुच यांच्यासमोर प्रश्न निघाला, की येथील लोकांचा श्रावण सुरू झाला असताना देव मंदिरात का राहावा? त्यातून आरंभीच्या सोमवारांची भर पडली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नवे सोमवार आले म्हणून जुने काढून टाकले गेले नाहीत. दोन पंचांगांतील तंटा दोन्ही पंचांगे मान्य करून मिटला. असा निवाडा जे नगर करते, त्याच्या अंगी मोठे शहाणपण असले पाहिजे.

काळाचे मोजमाप हा या नगराचा जुना व्यवसायच आहे. भारतीय ज्योतिषात मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते असे मानून गणित केले जाई. माळव्याचा सुभेदार असलेल्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे वेधशाळा उभारली. ती मोडकळीस आल्यावर माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला. मराठी ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे यांनी या वेधशाळेची धुरा वाहिली. तेव्हा तिथीचा वाद येथे निव्वळ भाबडेपणाने चालत नाही. त्यामागे आकाशाकडे पाहण्याची परंपरा आहे.

आता वाटेला लागावे. फेऱ्याचा आरंभ महाकाळाच्या मंदिरापासून होतो. १२३४-३५ च्या स्वारीत दिल्लीचा सुलतान इल्तुत्मिश याने परमारकालीन मंदिर उद्ध्वस्त केले. त्यानंतर दिल्लीचे सुलतान, माळव्याचे स्वतंत्र सुलतान आणि मोगल अशी राजवटींची मालिका झाली. सुमारे पाचशे वर्षांनी मराठी फौजा माळव्यात स्थिरावल्या. राणोजी शिंदे यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी १७३४ च्या सुमारास मंदिर पुन्हा उभे केले, असे मानले जाते. कोकणातून आलेल्या एका शेणवी कारभाऱ्याने क्षिप्राकाठच्या ज्योतिर्लिंगावर शिखर चढवावे, यात त्या काळच्या मराठी माणसाच्या पल्ल्याची कल्पना येते. मंदिर तीन स्तरांचे आहे : तळाशी महाकाळेश्वर, मध्ये ओंकारेश्वर आणि वर नागचंद्रेश्वर. नागचंद्रेश्वराचे द्वार वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडते.

मराठी वाचकाने मात्र येथे एका गोष्टीपाशी अधिक रेंगाळावे. मंदिराच्या परिसरात परमारकाळाचा एक सर्पबंध शिलालेख आहे. नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय कोरलेले आहेत. असेच सर्पबंध धारला आणि निमाडातील ऊन येथेही आढळतात, आणि त्यांचा संबंध उदयादित्य व नरवर्मा या परमार राजांशी आहे. देवळाच्या भिंतीवर अक्षरे कोरून ठेवणाऱ्या राजांना ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून वंदन करणे अगत्याचे आहे. डिसेंबर २०२० पासून मंदिराच्या विस्तारासाठी खोदकाम सुरू झाले, तेव्हा जमिनीखालून परमारकालीन मंदिराचे कोरीव अवशेष वर आले. आजचे मंदिर ज्यावर उभे आहे ती जमीनही एक पोथीच आहे. तिची पाने खालून वर वाचावी लागतात.

मंदिरातून बाहेर पडताच कोट मोहल्ला लागतो. नावातच तटबंदीची आठवण आहे. जवळच शिंदेशाहीतील महाराजवाड्याची इमारत आहे. तीत कित्येक वर्षे शाळा भरत असे. वाटेपासून फार दूर नाही असा चोवीस खांबांचा दरवाजा आहे, आणि तो पाहिल्याखेरीज पुढे जाणे योग्य नव्हे. वाटाडे त्याला विक्रमादित्याचे द्वार म्हणतात. खांबांची घडण पाहता तो विक्रमाच्या पौराणिक काळाचा नसून मध्ययुगाच्या पूर्वार्धातील, महाकाळाच्या परिसरात प्रवेश करण्याचा दरवाजा असावा, असे जाणकार मानतात. दोन्ही बाजूंस महामाया आणि महालया या रक्षक देवता आहेत. नवरात्रातील अष्टमीला येथे नगरपूजा होते. त्या दिवशी खुद्द जिल्हाधिकारी देवीला मद्याचा नैवेद्य दाखवतो आणि मग मद्याची अखंड धार धरून पूजकांचा जथा सुमारे सत्तावीस किलोमीटर चालत नगरातील देवी-भैरवांना नैवेद्य पोचवतो. राज्ये बदलली, राजाच्या जागी सरकारी अधिकारी आला, परंतु नगराची हद्द पायांनी मोजून देवतांच्या हवाली करण्याचा रिवाज सुटला नाही.

पुढे गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी. ही नावे म्हणजे जुन्या प्रशासनाचे दप्तरच होय. बक्षी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा अधिकारी. कहार म्हणजे पालखी उचलणारे आणि पाणी भरणारे. इमारती पडतात, पुन्हा बांधल्या जातात. गल्लीचे नाव मात्र टिकते, कारण ते माणसांच्या तोंडी असते आणि पत्ता सांगताना रोज उच्चारले जाते. ज्याला नगराचा इतिहास वाचायचा आहे त्याने प्रथम नावांच्या पाट्या वाचाव्यात.

कहारवाडीतून उतरले की रामघाट. पलीकडे दत्त आखाडा, मागे हरसिद्धीचे मंदिर. हरसिद्धीच्या अंगणातील दोन दीपमाळा पाहून मराठी माणसाचे पाऊल थबकते. जेजुरीची आठवण व्हावी अशा या दीपमाळा माळव्याच्या मातीत मराठी हातांनी रोवल्या. बारा वर्षांनी येथे सिंहस्थ भरतो. गुरू सिंह राशीत असताना नाशिक-त्र्यंबकेश्वरला भरणारा मेळा आणि उज्जैनचा मेळा यांचे नाव एकच असण्यामागे कारण आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी नाशिकच्या मेळ्यातील साधूंना उज्जैनला पाचारण केले आणि त्यातून येथील सिंहस्थ रूढ झाला, असे अभ्यासक मानतात. गोदेची परंपरा क्षिप्रेला अशी जोडली गेली. क्षिप्रा मात्र आता पूर्वीची राहिलेली नाही. तिचे पात्र वाहते राहावे म्हणून २०१४ पासून नर्मदेचे पाणी तिच्यात आणले जाते. २०१६ च्या सिंहस्थात कोट्यवधी यात्रेकरूंनी जे स्नान केले त्यात नर्मदेचा मोठा वाटा होता. नदीलाही शेजारणीच्या आधाराने आपले नाव राखावे लागते, हे रामघाटाच्या पायरीवर बसले म्हणजे उमगते.

घाट चढून कार्तिक चौक, ढाबा रोड, टंकी चौक असे येत येत वाट छत्री चौकात उघडते. समोर गोपाळ मंदिर. हे मंदिर एकोणिसाव्या शतकात दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविले. कागलच्या घाटगे घराण्यातील ही कन्या १७८४ मध्ये जन्मली. पतीच्या मृत्यूनंतर १८२७ पासून १८३३ पर्यंत तिने ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. काशीच्या ज्ञानवापी विहिरीभोवतीचा स्तंभमंडप १८२८ मध्ये तिनेच उभारला. सत्ता गेल्यावर स्थलांतरे नशिबी आली. उत्तर आयुष्यातील काही वर्षे तिने उज्जैनमध्येही काढली. १८६३ मध्ये तिचा अंत झाला.

गोपाळ मंदिरात आले की वाटाडा गाभाऱ्याच्या चांदीच्या दरवाजांकडे बोट दाखवतो. हे सोमनाथाचे दरवाजे, गझनीच्या महमुदाने नेलेले, महादजी शिंद्यांनी लाहोरहून परत आणलेले, असे तो सांगतो. ऐकणाऱ्याची छाती फुगते. परंतु महादजींनी लाहोर घेतल्याचा दाखला इतिहासात नाही. मराठी फौजा लाहोरला पोचल्या त्या १७५८ मध्ये, रघुनाथरावांच्या स्वारीत, आणि त्या वेळी शिंद्यांच्या दौलतीची सूत्रे महादजींच्या हाती आलेली नव्हती. सोमनाथाच्या दरवाजांचे आकर्षण इंग्रजांनाही होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो याने १८४२ मध्ये गझनीहून असेच दरवाजे गाजावाजा करून आणविले. ते देवदाराचे निघाले, सोमनाथाशी त्यांचा संबंध नसल्याचे ठरले आणि ते आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले. आख्यायिका ऐकावी, तिच्यातील इच्छा ओळखावी आणि तिला इतिहासाच्या आसनावर बसवू नये. बायजाबाईंचे कर्तृत्व पुरेसे मोठे आहे; त्याला उसन्या दरवाजांची गरज नाही.

या चौकात आणखी एक सत्य सांगणे भाग आहे, आणि ते अभिमानाला बोचणारे आहे. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि नगराकडून जबर खंडणी वसूल केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटगे याने इंदूर लुटून त्याचा सूड घेतला. हे सर्जेराव म्हणजे बायजाबाईंचे वडील. दोन मराठी सरदारांच्या भांडणात माळव्यातील दोन नगरे होरपळली. पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरजवळ कायमची छावणी केली, राजधानी तिकडे गेली आणि उज्जैनचे राजकीय महत्त्व ओसरले. देवळे बांधणारे हात आणि बाजार लुटणारे हात एकाच पिढीचे, कधी एकाच घरचेही होते. शताब्दीच्या स्मरणिकेत केवळ पहिल्या हातांची नोंद करणे हा अर्धा इतिहास होईल.

या भांडणाचा शेवट मात्र सवारीत पाहायला मिळतो. श्रावणाच्या प्रत्येक सोमवारी पालखीमागे महाकाळाचे एकेक नवे रूप वाढत जाते : पालखीत चंद्रमौळेश्वर, हत्तीवर मनमहेश, रथांवर शिवतांडव आणि उमामहेश. त्याच मालिकेत एका मुखवट्याला लोक आजही 'होळकर स्टेट'चे मुखारविंद म्हणून ओळखतात. शिंद्यांच्या नगरात, शिंद्यांनी घातलेल्या पायंड्यावर, शिंदे घराण्यातील स्त्रीने बांधलेल्या मंदिरासमोरून होळकरांचा मुखवटा सन्मानाने जातो. रणांगणावर जे साधले नाही ते पालखीच्या वाटेवर साधले. वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री तर महाकाळ गोपाळकृष्णाच्या भेटीला याच मंदिरात येतो. बेल आणि तुळस यांची अदलाबदल होते, आणि शैव-वैष्णवांचा भेदही त्या रात्रीपुरता मावळतो.

गोपाळ मंदिराकडून पटणी बाजारात शिरताना वाट अरुंद होते. येथे एक लहानसे नागचंद्रेश्वराचे मंदिर आहे. महाकाळाच्या शिखराजवळच्या नागचंद्रेश्वराहून हे निराळे. वैशाखातील पंचक्रोशी यात्रेचे वारकरी, मुख्यतः माळव्यातील खेडूत, ११८ किलोमीटरच्या पायपिटीपूर्वी या देवाकडून 'बळ' मागून घेतात. यात्रा पुरी झाल्यावर मातीचे घोडे वाहून ते बळ परत करतात. घेतलेले परत करावे, पुढच्याला ते उपयोगी पडेल, हा विचार ग्रंथालयाच्या सभासदांना निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

याच गल्लीबोळांत एके काळी मराठी घरे होती. कारकून, भिक्षुक, शिक्षक, पोलीस अंमलदार अशी ग्वाल्हेर राज्याच्या नोकरीतली मंडळी येथे पिढ्यान् पिढ्या राहिली. मुक्तिबोधांचे घराणे त्यांपैकीच. थोरले गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ मध्ये श्योपूरचा. त्यांचे बालपण आणि शिक्षण पुष्कळसे उज्जैनमध्ये झाले. घरात मराठी बोलणारा हा मुलगा पुढे आधुनिक हिंदी कवितेचा आधारस्तंभ ठरला, तर धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी आणि समीक्षक झाले. एका घराने दोन भाषांना दोन मोठे लेखक दिले. विष्णू श्रीधर वाकणकर यांनीही उज्जैनलाच कर्मभूमी केले. १९५७ मध्ये भीमबेटकाची शैलचित्रे त्यांनी जगासमोर आणली. भाषा घरातून हळूहळू मागे सरली, तरी माणसांनी दिलेले देणे नगराच्या खात्यावर जमा आहे. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या सिंधिया प्राच्य शोध संस्थेतील हजारो हस्तलिखिते हेही त्याच खात्यातील धन होय.

पुन्हा गुदरी येते आणि फेरा पुरा होतो. येथे एक प्रश्न उभा राहतो, तो टाळून व्याख्यान संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाळ मंदिरालगतचा 'महाकाल लोक' हा भव्य परिसर खुला झाला. तेव्हापासून यात्रेकरूंची संख्या कित्येक पटींनी वाढली. त्यांपैकी बहुसंख्य लोक वाहनतळावरून त्या प्रशस्त परिसरात येतात, दर्शन घेतात आणि तसेच परततात. जुन्या नगराच्या गल्लीत त्यांचे पाऊल पडत नाही. इकडे २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी जुन्या नगरातील रस्ते रुंद करण्याची कामे हाती घेण्यात आली आहेत. रस्ता रुंद झाला की दोन्ही बाजूंच्या घरांचे दर्शनी भाग, ओटे, लाकडी खांब, कोरीव सज्जे नाहीसे होतात.

यावर नुसता हळहळीचा सूर काढणे सोपे आहे. परंतु १५ जुलै १९९६ रोजी, सोमवती अमावास्येला, याच महाकाळ मंदिरात चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक प्राणांस मुकले. ज्यांच्या घरचे माणूस त्या दिवशी परतले नाही, त्यांना अरुंद वाटेचे सौंदर्य सांगायला कोण धजावेल? गर्दीला वाट हवी, हे खरे आहे. ओटा गेल्यावर त्या ओट्यावर बसून सवारी पाहणारे घरही उठते आणि सवारीला मिरवणुकीचे रूप येऊन विचारपूस संपते, हेही तितकेच खरे आहे. राजा प्रजेला भेटायला निघतो म्हणायचे, तर वाटेवर प्रजा राहत असली पाहिजे.

या पेचावर नगरानेच एक तोडगा पूर्वी दाखवून ठेवला आहे. दोन पंचांगांचा वाद पडला तेव्हा त्याने एकही पान फाडले नाही, सोमवार वाढवले. तीच रीत येथे लावता येईल. जेथे रुंदीकरण अटळ आहे तेथे कुदळ पडण्यापूर्वी प्रत्येक घराचे छायाचित्र, मोजमाप, घरातील वृद्धांच्या आठवणी आणि कागदपत्रे यांची नोंद व्हावी. जेथे पर्यायी मार्गाने गर्दी वळवता येईल तेथे जुनी गल्ली जुन्या रुंदीने राहू द्यावी. आणि महाकाळाच्या दर्शनाला येणाऱ्यांपैकी ज्यांना सवड आहे त्यांनी परतीच्या गाडीपूर्वी दोन तास काढून सवारीची वाट पायी चालावी. चालणारे असले की वाट राखण्यास कारण उरते.

ग्रंथालयाचेही याहून निराळे नाही. कपाटात बंद राहिलेला ग्रंथ टिकतो, पण जगत नाही; हातोहात फिरलेल्या ग्रंथाची पाने सैल होतात, पण तो जगतो. शंभर वर्षे ग्रंथांना घरोघर हिंडवून आणणाऱ्या या संस्थेच्या सभासदांपैकी कित्येकांच्या घरी माळव्यातील आजोळाची पत्रे, ग्वाल्हेर राज्याच्या नोकरीचे कागद, उज्जैनच्या वाड्यापुढे काढलेली छायाचित्रे ट्रंकेत पडून असतील. ती या ग्रंथालयाच्या दप्तरी जमा झाली, तर पटणी बाजारातील देवाकडून घेतलेले बळ परत केल्यासारखे होईल. येत्या पिठोरी अमावास्येपूर्वीच्या सोमवारी महाकाळ पुन्हा त्या वाटेने निघेल, आणि आपल्या माणसांची घरे कोठे होती हे सांगणारा एखादा कागद तोवर येथे पोचलेला असावा, एवढीच अपेक्षा.